जीव, डोळा आणि नजर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

२००९ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. जालन्याच्या नव्या मोंढ्यात आमचे मामा एका आडत दुकानावर मुनीम होते. चाळीस वर्षं खतावणी लिहिलेला माणूस. लहानपणी विटी लागून त्यांचा उजवा डोळा अधू झालेला. सगळा कारभार डाव्या डोळ्यावर. एके दिवशी ते मला म्हणाले, "डाव्या डोळ्याच्या कडंला सावली पडल्यावाणी वाटते रे." आम्हाला वाटलं, वय साठीच्या पुढं, मोतीबिंदू असणार. जालन्यातल्याच डोळ्यांच्या डॉक्टरांनी औषध घालून बाहुली मोठी केली, आत पाहिलं आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग त्यांनी सांगितलं, की पडद्यामागं गाठ आहे, मोठ्या ठिकाणी दाखवा.

घरात सगळ्यांच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट उभी राहिली, ती म्हणजे 'श्वास'. संदीप सावंत यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटाला २००४ साली राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाला होता आणि जालन्यासारख्या गावातही तो घराघरांत पोचला होता. कोकणातला छोटा परशा, त्याच्या डोळ्यांचा कॅन्सर, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार हे कळल्यावर शस्त्रक्रियेच्या आधी नातवाला जग दाखवायला निघालेले आजोबा. अरुण नलावडे यांनी साकारलेले ते आजोबा पाहून न रडलेला माणूस मला भेटलेला नाही. त्यामुळं 'डोळ्याचा कॅन्सर' म्हटलं की 'डोळा काढायचा' हे समीकरण मनात पक्कं बसलेलं. मामी तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एकच धड डोळा आहे त्यांना. तोच काढला तर कसं व्हायचं?"

दक्षिणेतल्या एका मोठ्या नेत्र रुग्णालयात आम्ही गेलो. तिथल्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला आजही शब्दशः आठवतं. ते म्हणाले, "डोळा काढायची गरज नाही. किरणोत्सर्गी चकती लावू. जीव वाचेल, डोळा राहील, अशी आशा आहे. नजर मात्र पुढची काही वर्षं सांभाळावी लागेल." पहिली तीन वाक्यं ऐकूनच आम्हाला इतका आनंद झाला, की चौथं वाक्य कानावरून गेलं.

माझी हयात इतिहास शिकवण्यात गेली. त्या चौथ्या वाक्याचा अर्थ मला फार उशिरा कळला आणि तो शोधताना ध्यानात आलं, की डॉक्टरांनी सांगितलेला क्रम म्हणजेच या रोगाच्या उपचारांचा दोनशे वर्षांचा इतिहास आहे. आधी जीव, मग डोळा, मग नजर. तोच आज सांगायचा आहे.

डोळ्याच्या आत उद्भवणारे कॅन्सर मुख्यतः दोन. एक लहान मुलांचा, रेटिनोब्लास्टोमा. तो पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात होतो. परशाला झाला होता तो हाच. दुसरा बहुधा मोठ्या माणसांचा, मेलॅनोमा. तो पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांनी भरलेल्या थरात वाढतो. मामांना झाला होता तो हा. आपल्याकडं हा दुसरा रोग गोऱ्या लोकांच्या मानानं बराच कमी आढळतो, पण होतच नाही असं नाही.

१८०९ साली जेम्स वॉर्ड्रॉप या स्कॉटिश शल्यचिकित्सकानं मुलांच्या डोळ्यातल्या या गाठीचं नीट वर्णन केलं आणि ती पडद्यातून उगवते हे दाखवलं. त्याचा सल्ला होता की रोग डोळ्यातच आहे तोवर डोळा काढून टाकावा. तो काळ भूल देण्याच्या औषधांच्या आधीचा आहे, हे लक्षात घेतलं म्हणजे हा सल्ला देणं आणि पाळणं किती कठीण असेल याची कल्पना येते. १८५१ साली जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यानं जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आत पाहण्याचं साधन, नेत्रदर्शी, तयार केलं. त्यामुळं गाठ लवकर दिसू लागली. पण लवकर दिसली तरी उपाय एकच होता. डोळा द्यायचा आणि जीव घ्यायचा. शंभर वर्षं हा सौदा चालला आणि त्यानं असंख्य जीव वाचवले, म्हणून त्याला नावं ठेवण्याचं कारण नाही.

१८९५ साली राँटगेननं क्ष-किरण शोधले, १८९८ साली क्युरी दांपत्यानं रेडियम शोधलं आणि या सौद्याला पर्याय मिळण्याची शक्यता निर्माण झाली. १९०३ साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात हिल्गार्टनर नावाच्या डॉक्टरनं दोन्ही डोळ्यांत गाठ असलेल्या एका मुलावर क्ष-किरणांचा प्रयोग केल्याची नोंद आहे. पुढं १९२९ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात फॉस्टर मूर यांनी रेडॉन वायू भरलेली बारीक नळी, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान, थेट डोळ्यातल्या गाठीत बसवली. डोळा न काढता गाठ मारण्याचा हा धाडसी प्रयत्न होता.

मूर यांच्या हाताखाली एक तरुण डॉक्टर काम करत होता. त्याचं नाव हायला ब्रिस्टो स्टॅलर्ड. क्रीडाप्रेमी वाचकांना हे नाव वेगळ्या कारणानं माहीत असेल. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर शर्यतीत फिनलंडचा महान धावपटू पावो नुर्मी पहिला आला, त्याच शर्यतीत ब्रिटनला कांस्यपदक मिळवून देणारा धावपटू म्हणजे हा स्टॅलर्ड. पुढं सारं आयुष्य त्यानं डोळ्यांच्या गाठींसाठी दिलं. १९४८ पासून त्यानं किरणोत्सर्गी कोबाल्टच्या चकत्या वापरायला सुरुवात केली. कल्पना साधी, पण फार हुशारीची होती. डोळ्याच्या गोळ्याचा आकार लक्षात घेऊन वाटीसारखी वाकवलेली छोटी चकती करायची, गाठ जिथं आहे त्याच्या बरोबर मागं, डोळ्याच्या पांढऱ्या कवचावर ती टाक्यांनी शिवायची, काही दिवस तिथंच ठेवायची आणि गाठीला पुरेसे किरण मिळाले की काढून घ्यायची. बाहेरून सगळ्या चेहऱ्यावर किरण सोडण्यापेक्षा हे किती तरी बरं. शेतात पाटानं पाणी मोकळं सोडणं आणि ठिबकानं झाडाच्या बुडाशीच देणं यात जो फरक, तोच इथं.

पण स्टॅलर्डबद्दल मला खरा आदर वाटतो तो दुसऱ्या कारणानं. १९३३ सालीच, म्हणजे या उपचाराचा प्रचार करण्याच्या कितीतरी आधी, त्यानं लिहून ठेवलं होतं की किरण दिलेल्या डोळ्यांच्या पडद्यात काही काळानं बिघाड दिसतो, रक्तवाहिन्या खराब होतात. आज 'किरणोत्सर्गानं होणारा पडद्याचा विकार' म्हणून जो ओळखला जातो, त्याच्या पहिल्या नोंदींपैकी ही एक. जो माणूस एखाद्या उपायावर विश्वास ठेवतो, त्यानंच त्या उपायाचा दोष पहिल्यांदा कागदावर मांडावा, हे इतिहासात नेहमी घडत नाही.

त्या काळात आपल्या भागात काय परिस्थिती होती? जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. 'जालना सोने का पालना' अशी म्हण असलेलं व्यापारी गाव, पण अशा रोगाला इथं उपाय नव्हता. मुंबईला टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. जालन्याहून तिथं जायचं तर निजामाच्या लहान रुळांच्या गाडीनं मनमाडला पोचायचं, तिथं गाडी बदलायची आणि मोठ्या रुळांच्या गाडीनं पुढं मुंबई. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. पण १९५६ पर्यंत आपली राजधानी हैदराबादच होती. तिथं नवाब मेहदी नवाज जंग यांच्या पुढाकारानं १९५५ साली रेडियम इन्स्टिट्यूट आणि कॅन्सर रुग्णालय उभं राहिलं. म्हणजे एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला हैदराबाद आणि मध्ये आपण. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो, १ मे १९८१ ला जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, १९९० च्या दशकात रूळही रुंद झाले. अंतर मात्र तेवढंच राहिलं. हे अंतर ध्यानात ठेवा, कारण पुढच्या कथेत ते पुन्हा येणार आहे.

कोबाल्टचे किरण फार जोरकस. ते गाठीच्या पलीकडं जाऊन डोळ्याच्या चांगल्या भागालाही भाजत. म्हणून सौम्य पदार्थांचा शोध सुरू झाला. १९६० च्या दशकात पूर्व बर्लिनमध्ये पीटर लोमाट्श यांनी रुथेनियमच्या चकत्या वापरात आणल्या. रुथेनियमचे किरण काही मिलिमीटरच आत जातात, म्हणून पातळ गाठींना ते उत्तम. पुढं अमेरिकेत आयोडीनच्या किरणोत्सर्गी दाण्यांच्या चकत्या आल्या, त्या थोड्या जाड गाठींसाठी.

तरीही डॉक्टरांच्या मनात एक शंका होतीच. डोळा ठेवण्याच्या मोहापायी आपण रोग्याचा जीव तर धोक्यात घालत नाही ना? ही शंका फेडण्यासाठी अमेरिका आणि कॅनडात एक मोठा अभ्यास झाला. १९८७ ते १९९८ या काळात मध्यम आकाराचा मेलॅनोमा असलेले १३१७ रुग्ण त्यात सहभागी झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवून निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांना आयोडीनची चकती लावली. २००१ साली निष्कर्ष आले. पाच वर्षांनी दोन्ही गटांत जिवंत असलेल्यांचं प्रमाण सारखंच, सुमारे ८१ ते ८२ टक्के. म्हणजे डोळा ठेवला म्हणून जीव जास्त धोक्यात येत नाही, हे सिद्ध झालं. दुसरी पायरी माणसानं चढली. मामींच्या डोळ्यांतलं पाणी थांबलं त्यामागं हे १३१७ अनोळखी लोक होते.

मात्र त्याच अभ्यासाचा एक दुसरा आकडा आहे. तो आनंदाच्या भरात मागं पडतो. चकती लावलेल्या डोळ्यांपैकी ४३ टक्के डोळ्यांची नजर तीन वर्षांनंतर इतकी खालावली होती, की तपासणीच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षरच काय ते दिसावं किंवा तेही दिसू नये. डोळा जागेवर होता, गाठ मेली होती, पण त्या डोळ्यानं वाचता येत नव्हतं.

असं का होतं? पडद्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसापेक्षा बारीक असतात. त्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. किरण गाठीला मारतात तसे या अस्तरालाही इजा करतात. पण गाठीच्या पेशी भराभर वाढणाऱ्या, त्या लवकर मरतात. अस्तराच्या पेशी संथ, त्यांचं नुकसान उघड व्हायला महिने, वर्षं लागतात. बऱ्याचदा दीड ते तीन वर्षांच्या सुमारास वाहिन्या पाझरू लागतात. ते पाणी पडद्याच्या नेमक्या मध्यभागी, ज्याला पीतबिंदू म्हणतात तिथं साचलं, तर अक्षरं वाकडी, धुरकट दिसतात. काही वाहिन्या बंदच पडतात. मग रक्ताला भुकेला पडदा एक रासायनिक हाक देतो, त्या हाकेला ओ देऊन नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात, त्या रक्तस्राव करतात आणि कधी डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होतो. ज्यांच्या घरात मधुमेह आहे त्यांना हे वर्णन ओळखीचं वाटेल. मधुमेहानं पडद्याची जी दशा होते, तिचंच हे भावंड. आणि ज्याला आधीच मधुमेह वा रक्तदाब आहे त्याच्या डोळ्याला किरणांचा हा मार अधिक बसतो.

फार वर्षं यावर खात्रीचा उपाय नव्हता. लेझरनं पाझरणाऱ्या जागा डागून पाहत. उपाय आला तो अनपेक्षित दिशेनं. ज्यूडा फोकमन या अमेरिकी शल्यविशारदानं १९७१ साली मांडलं होतं की कॅन्सरची गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते, तो रस्ता तोडला तर गाठ उपाशी मरेल. बऱ्याच जणांना तेव्हा ते पटलं नाही. पुढं रक्तवाहिन्या वाढवणारं ते प्रथिन सापडलं, त्याला अडवणारं बेव्हॅसिझुमॅब हे औषध तयार झालं आणि २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी ते मान्य झालं. लगेच पुढच्या वर्षी नेत्रतज्ज्ञांनी त्याचा अगदी थोडा अंश, एका मिलिलिटरचा विसावा भाग, डोळ्यात टोचून पाहिला. वयोमानानं बिघडलेल्या पडद्यावर तो लागू पडला. न्यूयॉर्कचे डॉ. पॉल फिंगर यांनी तोच उपाय किरणांनी बिघडलेल्या पडद्यासाठी वापरला आणि २००७ च्या सुमारास त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. सूज उतरत होती, नजर टिकत होती. एका कॅन्सरसाठी निघालेलं औषध दुसऱ्या कॅन्सरच्या उपचारानं झालेली हानी भरून काढायला आलं.

याच सुमारास आणखी एक साधन हाताशी आलं होतं. प्रकाशाच्या साहाय्यानं पडद्याच्या थरांचा उभा छेद दाखवणारं यंत्र, ज्याला सगळे 'ओसीटी' म्हणतात. त्याची पहिली माहिती १९९१ साली प्रसिद्ध झाली. या यंत्रानं एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवली. रुग्णाला सगळं स्वच्छ दिसत असतं, तक्त्यावरची अक्षरं तो धडाधड वाचत असतो, तेव्हाच आत सूज सुरू झालेली असते. म्हणून काही डॉक्टरांनी विचार केला, की नजर जाण्याची वाट पाहायचीच कशाला? अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या विल्स नेत्र रुग्णालयातल्या डॉक्टरांनी चकती काढल्यापासूनच दर चार महिन्यांनी, दोन वर्षं, हे इंजेक्शन देऊन पाहिलं. २०१४ साली त्यांनी लिहिलं की इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा या रुग्णांत सूज कमी जणांना आली आणि नजर अधिक टिकली. प्रत्येक डोळ्याला ते लागू पडतंच असं नाही. गाठ पीतबिंदूला किंवा डोळ्याच्या मुख्य नसेला खेटून असेल तर बरंच काही हातात राहत नाही. पण वेळेवर सुरुवात केली तर वर्षानुवर्षं उपयोगाची नजर टिकू शकते, एवढं आता नक्की सांगता येतं.

आता मामांच्या गोष्टीकडं परत येतो. चकती लावली, चार दिवसांनी काढली. गाठ आक्रसत गेली. दर चार महिन्यांनी या, असं कागदावर लिहून दिलं होतं. पहिल्या दोन खेपांना आम्ही गेलो. जालन्याहून रेल्वेचा लांबचा प्रवास, दोन माणसांचं भाडं, राहणं, मोंढ्यातली रजा. तिसरी खेप ऐन पेरणीच्या दिवसांत आली. चौथी कापसाच्या हंगामात. मामा म्हणाले, "गाठ मेली ना? मला खतावणी दिसते ना? मंग एवढ्या लांब कशाला जायचं?" मी शिकलासवरलेला, मीही म्हणालो, "पुढच्या वेळी जाऊ." त्यांना मधुमेह होता, तो तर हिशेबातच धरला नाही. रुग्णालयानं सांगायचं ते सांगितलं होतं. चूक आमची होती.

२०१२ च्या उन्हाळ्यात एक दिवस मामा दुकानावर बसले असताना त्यांना तीन आणि आठ यांतला फरक कळेना. ओळी लाटेसारख्या वाकड्या दिसू लागल्या. आम्ही धावत गेलो. ओसीटीच्या चित्रात पीतबिंदू फुगून वर आलेला मलाही दिसला. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सहा महिने आधी यायला हवं होतं." इंजेक्शनं सुरू झाली. काही सूज उतरली, पण जे थर वाळून गेले ते परत आले नाहीत. मामांना माणसं ओळखू येत राहिली, घरापासून मोंढ्यापर्यंत एकट्यानं जाता येत राहिलं. खतावणी मात्र पुन्हा लिहिता आली नाही. चाळीस वर्षांचा हात त्या दिवशी थांबला.

हे मी स्वतःला टोचून घेण्यासाठी सांगत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडं पुष्कळ बदललं आहे. पूर्वी बऱ्याच चकत्या परदेशातून मागवाव्या लागत. भाभा अणुसंशोधन केंद्रानं आधी आयोडीनचे दाणे तयार केले आणि नंतर रुथेनियमची चकतीही. या रुथेनियमचं मूळ ऐकलं तर नवल वाटेल. अणुभट्टीतल्या जळून गेलेल्या इंधनाचा जो घातक कचरा उरतो, त्यातून तो वेगळा काढला जातो. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रात २०२० साली ही देशी चकती पहिल्यांदा वापरण्यात आली. ज्या कचऱ्याला सगळं जग भितं, त्यातून कुणाचा तरी डोळा वाचावा, याहून चांगला उपयोग कोणता?

दुसरी गोष्ट अंतराची. चकती लावायला आजही हैदराबाद, चेन्नई, मुंबई, दिल्ली अशा ठिकाणी जावं लागतं, कारण त्यासाठी नेत्रतज्ज्ञ, किरणतज्ज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ एकत्र लागतात. पण नंतरची तपासणी आणि इंजेक्शनं यांचं तसं नाही. मधुमेहाच्या रुग्णांसाठी हेच ओसीटी यंत्र आणि हीच इंजेक्शनं आता जिल्ह्याच्या आणि विभागाच्या ठिकाणी मिळू लागली आहेत. छत्रपती संभाजीनगर आपल्यापासून तास-दीड तासावर. जालन्यात तर बद्रीनारायण बारवाले यांच्या पुढाकारानं उभं राहिलेलं श्री गणपती नेत्रालय आहे, आसपासच्या जिल्ह्यांतले रुग्ण तिथं येतात. म्हणून ज्यांच्यावर असा उपचार झाला आहे त्यांनी आपल्या मूळ डॉक्टरांना सरळ विचारावं, "मधल्या तपासण्या गावाजवळ करता येतील का? ओसीटीची चित्रं तुम्हाला पाठवली तर चालतील का?" आम्ही हा प्रश्न विचारलाच नाही. विचारला असता तर कदाचित पेरणी आणि कापूस आमच्या आड आले नसते.

लहान मुलांबद्दल दोन शब्द बोलायलाच हवेत. बाहेरून दिलेल्या किरणांनी पूर्वी पुष्कळ मुलांचे डोळे वाचले. परंतु चेहऱ्याच्या हाडांची वाढ खुंटणं, मोतीबिंदू आणि ज्यांना हा रोग आनुवंशिक आहे त्यांना पुढच्या आयुष्यात दुसरा कॅन्सर, असे धोके दिसून आले. म्हणून १९९६ च्या सुमारापासून औषधं देऊन गाठ आधी लहान करायची आणि मग लेझर, गोठवणं किंवा छोटी चकती वापरायची, ही पद्धत रुळली. परशाच्या आजोबांसमोर जो एकच मार्ग होता, तो आज लवकर आलेल्या मुलांसमोर एकटाच उरलेला नसतो. पण मुलाचा डोळा बरा झाला तरी नजर आपोआप येत नाही. मेंदू चांगल्या डोळ्याचंच ऐकतो आणि दुसरा आळशी पडतो. म्हणून डॉक्टर चांगल्या डोळ्यावर रोज काही तास पट्टी बांधायला सांगतात. मूल रडतं, पट्टी ओढतं, आजीला दया येते आणि पट्टी सुटते. आजींना माझी विनंती आहे, ही दया महाग पडते. आणि मुळात, फोटोत एखाद्या बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, डोळा मांजरासारखा चकाकला किंवा तिरळा वाटू लागला, तर 'मोठं झाल्यावर जाईल' असं न म्हणता त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.

जीव वाचवायचा मार्ग वॉर्ड्रॉपसारख्यांनी दाखवला. डोळा वाचवायचा मार्ग स्टॅलर्ड आणि त्याच्यामागून आलेल्यांनी दाखवला. या दोन्ही पायऱ्या डॉक्टरांनी चढायच्या होत्या, त्या त्यांनी चढल्या. तिसऱ्या पायरीचं औषध आहे, यंत्र आहे, पण तिथं रुग्णानं आणि घरच्यांनी स्वतःच्या पायानं जावं लागतं. तेही सगळं नीट दिसत असताना, दुखतखुपत काही नसताना, हंगाम ऐन भरात असताना. इतिहास शिकवणाऱ्या माझ्यासारख्यालाही ही गोष्ट तीन आणि आठ सारखे दिसू लागेपर्यंत कळली नाही.

मामा २०१९ साली गेले, हृदयविकारानं. त्यांच्या कपाटात दवाखान्याची फाईल सापडली. पहिल्याच पानावर पुढच्या तपासणीच्या तारखा डॉक्टरांनी ओळीनं लिहिलेल्या होत्या. पहिल्या दोन तारखांसमोर मामांनी आपल्या सुवाच्य मुनिमी अक्षरात 'झाले' असं लिहिलं होतं. पुढच्या जागा कोऱ्या होत्या. तुमच्या घरात अशी एखादी फाईल असेल तर आज ती काढून बघा आणि पुढची तारीख कोरी राहू देऊ नका.